दोष एक शॉट आधी असतो: कोल्हापुरातल्या एका स्नूकर खेळाडूच्या एकट्याच्या सरावाचं प्रकरण

हे प्रकरण तिशी ओलांडलेल्या एका खेळाडूचं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो क्वालिटी विभागात आहे. शिफ्ट फिरती. दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी मिळते आणि राजारामपुरीतल्या तळघरातल्या पार्लरमध्ये सकाळी कुत्रं फिरकत नाही. तिथं पूल टेबलांच्या गर्दीत मोठी स्नूकर टेबलं दोनच. संध्याकाळी त्यावर नंबर लागत नाही, सकाळी हवं ते घ्या. मालक ओळखीचा असल्यामुळे सकाळच्या तासाला थोडी सवलतही देतो. मी त्याच पार्लरमध्ये संध्याकाळी नवीन पोरांना शिकवतो, म्हणून तो माझ्याकडे आला. नाव छापायचं नाही एवढीच त्याची अट होती.

तक्रार त्यानं एका वाक्यात मांडली. "सर, बॉल जातोय, पर फुडचा गावंना."

एकटा खेळताना त्याचे चाळीस-पन्नासचे ब्रेक (न चुकता सलग मिळवलेले गुण) होत होते. फ्रेममध्ये, म्हणजे समोरच्याशी खेळलेल्या डावात, मात्र विशीच्या पुढं गाडी सरकत नव्हती. त्यात आपल्याकडे हरणाऱ्यानं टेबलचं भाडं भरायची पद्धत. खिसा हलका व्हायला लागला की माणूस आत्मपरीक्षण करायला लागतो, तसा तो करायला लागला होता. त्याचं निदान असं होतं की संध्याकाळी टेन्शन येतं, म्हणून हात आखडतो. तसं असतं तर तो पहिलाच बॉल चुकला असता. पहिला बॉल तो बिनदिक्कत घालत होता.

जुनी सकाळ

त्याच्या सकाळी मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नुसत्या पाहिल्या. आल्या आल्या तो पंधराच्या पंधरा रेड, म्हणजे लाल बॉल, हातानं टेबलभर पसरायचा, सहाही रंगांचा हिशोब मनात धरून (एक रेड, मग एक रंग, मग पुन्हा रेड असा खेळ चालतो) सोपा रेड बघून सुरू करायचा. चुकला तर बॉल पुन्हा त्याच जागी ठेवून मारायचा. पुन्हा चुकला तर पुन्हा. तिसऱ्यांदा गेला की मान डोलवून पुढं जायचा, आणि ब्रेक मोजताना मधल्या दोन चुका धरायचा नाही. पन्नासचा ब्रेक असा तयार होत होता. पांढरा (क्यूनं, म्हणजे काठीनं, मारायचा बॉल) नकोशा जागी गेला तर हातानं चार बोटं सरकवायचा. "असाच येणार होता" असं स्वतःशीच म्हणून. समोर कोणी नसतं तेव्हा माणूस स्वतःला फार सवलती देतो.

वेगाचंही खूळ होतं. रॉनी ओ'सलिव्हननं १९९७ च्या विश्वस्पर्धेत साडेपाच मिनिटांच्या आत १४७ गुणांचा ब्रेक केला, ती चित्रफीत त्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि ती तो चहा पिताना बघतो. बघायला हरकत नाही. पण त्या वेगाच्या मागं लहानपणापासूनची हजारो तासांची बैठक आहे, आणि आपल्या गड्याकडे आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी आहेत.

आणखी एक गोष्ट दिसली, ती वेळेची. दीड तासात प्रत्यक्ष क्यू चालवण्याला लागलेला वेळ फारच थोडा होता. बाकी वेळ पॉकेटातून बॉल काढण्यात, टेबलाला फेऱ्या मारण्यात, रंग स्पॉटवर, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवण्यात जात होता. टेबल लहान नाही. खेळायची जागा पावणेबारा फुटाला थोडी कमी लांब आणि पावणेसहा फुटापेक्षा किंचित जास्त रुंद. मार्कर (बॉल मांडून देणारा, गुण मोजणारा माणूस) समोर नसताना पंधरा रेडचा कुठलाही सराव म्हणजे अर्धी सकाळ हमाली. एकट्याचा सराव आखताना हा हिशोब आधी धरावा लागतो, कारण भाडं तासावर चालू असतं.

रजिस्टर

पहिलं काम म्हणून मी त्याला कुठलाच सराव दिला नाही. संध्याकाळच्या फ्रेम खेळ, आणि प्रत्येक वेळी ब्रेक तुटला की का तुटला ते लिही, एवढंच सांगितलं. वहीचा नमुना मात्र त्यानंच आणला, आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली कल्पना त्याचीच होती. फौंड्रीत रिजेक्शन रजिस्टर असतं. कास्टिंग नापास झालं की नुसता आकडा लिहून भागत नाही, दोषाचा प्रकार लिहावा लागतो: ब्लो होल, श्रिंकेज, शिफ्ट (साचा सरकणं), वाळू. त्यानं तसेच रकाने पाडले. पॉट (बॉल पॉकेटात घालणं) चुकला. पांढरा कमी गेला. पांढरा जास्त गेला. पांढरा दुसऱ्या बॉलला धडकला. निवड चुकली.

पहिल्या काही संध्याकाळी "पॉट चुकला" याच रकान्यात सगळ्या खुणा पडल्या. साहजिक आहे, ब्रेक तुटतो तो पॉट चुकल्यावरच. तेव्हा त्याला विचारलं, "तुमच्याकडं कास्टिंग नापास कुठं होतं?"

"मशीन शॉपला. पृष्ठभाग कापला की आतलं भोक दिसतं."

"मग दोष मशीन शॉपच्या नावावर टाकता?"

"न्हाई ओ, दोष ओतताना झालेला असतो." आणि तो थांबला. पुढचं सांगावं लागलं नाही.

त्यानंतर त्यानं नियम बदलला. चुकलेला पॉट अवघड होता का, हे आधी ठरवायचं. रेस्ट (हात पोचत नाही तिथं क्यूला टेकू देणारी काठी) लावावी लागली, कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटून मारावं लागलं, किंवा पातळ कट (बॉलच्या कडेलाच लागणारा तिरका मार) घ्यावा लागला, तर खूण त्या शॉटवर करायची नाही. पांढरा तिथं ज्या शॉटनं गेला त्या शॉटवर करायची. असं मागं जात जात लिहिल्यावर चित्रच पालटलं. निम्म्याहून कितीतरी जास्त खुणा "पांढरा जास्त गेला" या एका रकान्यात जमा झाल्या. सोपा पॉट सरळ चुकल्याच्या खुणा मोजक्याच निघाल्या. म्हणजे हा माणूस रोज सकाळी ज्या गोष्टीचा सराव करत होता, ती त्याला येतच होती.

एकट्यानं सराव करणारे माझ्या पाहण्यातले बहुतेक जण इथंच अडकतात. जे जमतं तेच परत परत करायला बरं वाटतं, आणि बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज हा या खेळातला सगळ्यात मोठा लबाड साक्षीदार आहे.

काळ्याचा कोन

"जास्त गेला" म्हणजे नक्की कुठं? रजिस्टरमध्ये त्याची जागा लिहायला लावली, तर बहुतेक वेळा उत्तर एकच आलं: रेड घातल्यावर काळ्यासाठी, म्हणजे सगळ्यात जास्त गुणांच्या रंगासाठी, येताना. इथं जरा थांबून टेबल नीट बघायला हवं.

काळ्याचा स्पॉट वरच्या (काळ्याच्या टोकाच्या) कुशनपासून पावणेतेरा इंचांवर. तिथून कोपऱ्यातल्या पॉकेटकडे रेघ ओढली तर ती वरच्या कुशनशी साधारण वीस अंशांचा कोन करते. तीच रेघ काळ्याच्या मागं वाढवली की त्या रेघेवर कुठंही पांढरा असेल तर काळा अगदी सरळ. नवख्याला वाटतं की सरळ म्हणजे उत्तम. एक काळा घालून थांबायचं असेल तर उत्तमच. पण पुढचा रेड हवा असेल तर सरळ काळा म्हणजे अडकलेली गाडी. पांढरा एक तर तिथंच थांबतो, नाही तर मागं ओढावा किंवा काळ्याच्या मागोमाग पुढं सोडावा लागतो, आणि पॉकेटजवळ तो फार पुढं सोडणं म्हणजे पांढराच पॉकेटात पडण्याच्या फाउलला आमंत्रण.

आता पांढरा त्या रेघेवरून गुलाबीच्या बाजूला (टेबलाच्या मध्याकडे) जरा खाली घ्या, इतका की काळा अर्धा बॉल झाकून मारावा लागेल. अर्ध्या बॉलचा कट म्हणजे तीस अंश. पाव बॉल लागला तर हाच कोन अठ्ठेचाळीसच्या वर जातो, पाऊण लागला तर पंधराच्या आत येतो. या अर्ध्या बॉलच्या जागेवरून साधा स्टन मारला, म्हणजे आदळताना पांढऱ्यावर पुढची-मागची कुठलीच फिरकी नसली, तर तो काळ्याच्या वाटेशी काटकोन करून सुटतो. वरच्या कुशनला लागतो आणि आपल्या पायानं चालत रेडच्या घोळक्याकडे येतो. जोर लागत नाही, कसब लागत नाही. जी काही मेहनत आहे ती मागच्या शॉटमध्ये, पांढरा त्या जागेवर आणण्यात.

आमचा गडी रेड घालताना नेहमी अर्धा-पाऊण फूट जास्त जोर लावायचा. पांढरा त्या सोयीच्या जागेवरून पुढं घरंगळत सरळ रेघेवर यायचा, कधी रेघ ओलांडून कुशनकडे. कुशनला चिकटला की ब्रिजचा (क्यूला पुढून आधार देणारा) हात कुशनच्या लाकडावर, क्यू उंच, आणि मारायला बॉलचा फक्त वरचा भाग. तिथून काळा गेला तर नशीब. "टेन्शननं हात आखडतो" या निदानातला हात इथं आखडत होता, आणि तो आखडायलाच हवा होता. जागाच तशी होती.

या एका जागेसाठी जो सराव आखला त्याला लागलं काय, तर ए-फोर आकाराचा कोरा कागद. काळा त्याच्या स्पॉटवर. कागद टेबलावर त्या अर्ध्या बॉलच्या जागी पसरलेला. एक रेड गुलाबीच्या आसपास कुठंतरी. पांढरा असा ठेवायचा की रेडचा पॉट सोपा असेल. काम एकच: रेड घालायचा आणि पांढरा कागदावर थांबवायचा. थांबला की बोटानं पांढरा धरून कागद अलगद ओढून घ्यायचा, काळा घालायचा, आणि पांढरा गुलाबीच्या आसपास परत आणायचा. दोन शॉट, एक खूण. कागदाच्या कडेला बॉल किंचित अडतो खरा, पण आपण इंचांत बोलतोय, मिलिमीटरमध्ये नाही. कापडावर चॉकनं गोल काढायचा विचार ज्याच्या मनात येईल त्यानं आधी मार्करला विचारावं. आमचे मार्करमामा चॉकची खूण दिसली तर आईबापाचा उद्धार करतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

कागदाचा एक फायदा असा की तो घडी करता येतो. दहापैकी सात वेळा पांढरा पूर्ण कागदावर आला की पुढच्या सकाळी कागद अर्धा. तिथं सात आले की पाव. खाली घसरला तर घडी उलगडायची. सरावाची अवघडता अशी हातात धरता आली की "आज बरं झालं, आज वाईट झालं" असली मोघम भाषा आपोआप बंद होते.

रेडची जागा मात्र दर वेळी बदलायची, हा माझा हट्ट होता आणि त्याला तो आवडला नाही. एकाच जागेवरून दहा वेळा मारलं तर आकडा छान येतो, हात लयीत येतो, त्याला ते हवं होतं. १९७९ मध्ये शिया आणि मॉर्गन या दोघांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता, तो इथं उपयोगी आहे. एका गटानं एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्यानं त्याच हालचाली उलटसुलट क्रमानं केल्या. सरावाच्या वेळी सलगवाले पुढं होते. नंतर चाचणी घेतली तेव्हा उलटसुलटवाल्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. हा प्रयोग स्नूकरचा नव्हता, पण फ्रेममध्ये एकच शॉट लागोपाठ दोनदा येत नाही हे तर प्रयोगाशिवायही कळतं. सलग घोटायचंच असेल तर शॉट नवीन शिकताना घोटावं. जमायला लागला की क्रम मोडावा.

दीड तासाची मांडणी

सकाळचा दीड तास शेवटी असा बसला.

पहिली दहा मिनिटं टेबलावर पांढऱ्याशिवाय एकही बॉल नाही. पांढरा खालच्या टोकाकडच्या तपकिरीच्या स्पॉटवर ठेवायचा, निळा, गुलाबी आणि काळा या तिन्ही मोकळ्या स्पॉटवरून वर मारायचा, आणि तो वरच्या कुशनला लागून परत क्यूच्या टोकाला यायला हवा. जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली परीक्षा आहे. पण बहुतेक जण परत आलेला पांढराच बघतात, जाताना तो काळ्याच्या स्पॉटवरून गेला का हे बघत नाहीत. याचा पांढरा सतत उजवीकडे परतत होता. जाताना तो स्पॉटवरूनच जात होता, म्हणजे रोख बरोबर आणि नकळत उजवी साइड (बाजूची फिरकी) लागतेय. जातानाच स्पॉट चुकला असता तर रोखात गडबड म्हणावी लागली असती, आणि इलाज वेगळा झाला असता. मोबाइल टेबलाच्या टोकाशी, क्यूच्या रेघेत उभा करून त्यानं स्वतःला पाहिलं. शेवटच्या झोक्याला कोपर बाहेर जात होतं. मोबाइल वापरायचा तो या दहा मिनिटांतच. पुढं चालू ठेवला तर तो खेळण्यापेक्षा स्वतःला बघत बसायचा.

मग पंधरा मिनिटं सरळ निळा. निळा त्याच्या स्पॉटवर, आणि हिरव्याच्या बाजूच्या खालच्या पॉकेटपासून समोरच्या वरच्या पॉकेटपर्यंत जी तिरकी रेघ जाते, ती बॉक लाइनला (खालच्या कुशनकडच्या आडव्या रेघेला) जिथं छेदते तिथं पांढरा. पांढऱ्यापासून निळा पावणेचार फुटांच्या आसपास, आणि निळ्यापासून पॉकेट साडेसहा फूट. इथं नुसतं घालणं पुरेसं नाही. एकदा पांढरा निळ्याच्या जागी मेल्यासारखा थांबवायचा, एकदा फूटभर पुढं सोडायचा, एकदा फूटभर मागं आणायचा, आणि कोणता ते मारायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं. रिकाम्या पार्लरमध्ये मोठ्यानं बोलायला त्याला लाज वाटायची. पण मनात ठरवलेलं मागाहून बदलता येतं, बोललेलं बदलता येत नाही. इतक्या अंतरावर पांढरा थांबवणं दिसतं तेवढं सोपं नाही, कारण कापडावर घासत जाताना तो हळूहळू पुढं लोळायला लागतो. निळ्यापाशी पोचताना तो लोळता कामा नये, घसरतच पोचला पाहिजे, म्हणून मध्यबिंदूच्या बराच खाली आणि नेटानं मारावं लागतं.

त्यानंतर अर्धा तास कागद. वर सविस्तर सांगितलंच आहे.

सेफ्टीला, म्हणजे समोरच्याला सोपं काही न ठेवण्याला, दहा मिनिटं. वरच्या बाजूच्या एका रेडला पातळ लागून पांढरा बॉक कुशनपर्यंत आणायचा, कुशनपासून वीतभराच्या आत आला तर खूण. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समोर कोणी नसताना सेफ्टीची अर्धीच बाजू शिकता येते, उरलेली संध्याकाळी.

शेवटची पंचवीस मिनिटं परीक्षा. आधीच्या सगळ्या भागांत शॉट परत घ्यायला मुभा होती, इथं नाही. बॉलची मांडणीही त्याच्या हातात ठेवली नाही. झाडलोट उरकलेले मार्करमामा तीन रेड हातानं वरच्या भागात सोडतात, पांढरा त्यांच्या मर्जीनं ठेवतात आणि वर म्हणतात, "घे, दाव आता." रंग आपापल्या स्पॉटवर. तीन रेड तीन काळ्यांसह म्हणजे चोवीस, आणि पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सगळे रंग म्हणजे सत्तावीस. एकूण एक्कावन्न. जिथं चुकला तिथला आकडा वहीत, दोषाच्या रकान्यासह, आणि पुढची मांडणी. मामांचा दयामाया न दाखवणारा हात या सरावात फार कामाला आला. एकटाच असता तर त्यानं नकळत रेड पॉकेटाच्या तोंडाशीच सोडले असते. मामा नसतील त्या दिवशी तो डोळे मिटून बॉल सोडतो, तेही चालतं.

परीक्षा शेवटीच का, असं त्यानं विचारलं होतं. फ्रेममध्ये महत्त्वाचे बॉल थकल्यावरच येतात, हे एक कारण. दुसरं असं की परीक्षा आधी घेतली आणि वाईट गेली तर पुढचा तासभर माणूस रुसून खेळतो. हा तर नक्कीच.

पाऊस

हे सगळं उन्हाळ्याच्या शेवटी बसवलं आणि मृगाचा पाऊस सुरू झाला. कोल्हापूरचा पाऊस आणि तळघरातलं टेबल. हवेतल्या ओलाव्यानं कापड जड होतं, बॉल लवकर थांबतात, कुशनचा उसळा बदलतो. जूनच्या अखेरीस वहीत अचानक "पांढरा कमी गेला" च्या खुणा वाढल्या आणि गड्याला वाटलं आपला हातच गेला. पाव घडीवर आलेला कागद पुन्हा अर्धा करावा लागला.

स्नूकरचा जन्म १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असं मानलं जातं, आणि गोष्ट अशी सांगतात की पावसाळ्यात बाहेर पडता येईना म्हणून अधिकाऱ्यांनी हा नवा डाव काढला. खरं असेल तर पहिले स्नूकर खेळाडूसुद्धा ओल्या कापडाला शिव्या घालतच खेळले असणार.

इलाज दोन केले. मार्करमामा सकाळी टेबलाला ब्रश मारून इस्त्री करतात, बॉककडून काळ्याकडे, लवेच्या दिशेनं. त्यानंतरचाच तास त्यानं घ्यायचा असं ठरलं. आणि पहिल्या दहा मिनिटांत एक मोजमाप आणलं. पांढरा बॉक लाइनवरून वर मारून परत बॉक लाइनवर थांबेल असा जोर शोधायचा. दोन-चार प्रयत्नांत सापडतो. तो जोर हाताला लागला की त्या दिवशीचं टेबल कळतं. वहीत तारखेच्या शेजारी "जड", "मध्यम", "पळतंय" असा एक शब्द लिहायचा. ऑगस्टचा वाईट आकडा आणि मेचा चांगला आकडा शेजारी ठेवून रडण्यात अर्थ नाही, हे त्या एका शब्दानं लक्षात राहतं.

काय वगळलं

पंधरा रेड निळ्यापासून वरच्या कुशनपर्यंत एका रांगेत मांडून रांगेतला कुठलाही रेड आणि कुठलाही रंग घेत जायचा प्रसिद्ध सराव आहे. मोठमोठे खेळाडू तो करतात. त्यालाही तो फार आवडायचा. मी रोजच्या सकाळीतून काढला. एक तर मांडायलाच वेळ जातो आणि चौथ्या बॉलवर चुकलं की पुन्हा सगळं मांडायचं. दुसरं म्हणजे त्याच्या दोषाशी त्याचा थेट संबंध नव्हता. रांगेत रेड इतके असतात की पांढरा फूटभर जास्त गेला तरी दुसरा रेड मिळून जातो, चूक झाकली जाते. ज्याचा ब्रेक नेहमीच साठीच्या वर जातो त्याला ही रांग उपयोगी. याला अजून तरी रविवारी, करमणुकीला.

लांब पॉटचा वेगळा सरावही ठेवला नाही. सरळ निळ्यात तो थोडा होतो. सगळंच धरायला गेलो असतो तर दीड तासाचे आठ तुकडे झाले असते आणि एकही गोष्ट हाताला लागली नसती. यावर माझं आणि पार्लरमधल्या दुसऱ्या एका जुन्या खेळाडूचं अजून पटत नाही. त्यांचं म्हणणं, लांबचा पॉट नसेल तर चान्सच मिळत नाही, मग काळ्याचा कोन घेऊन काय करणार. सरसकट बोललं तर ते बरोबर आहेत. पण या खेळाडूला चान्स मिळत होते, रजिस्टर तेच सांगत होतं. मिळालेले तो तिसऱ्या बॉलवर सोडत होता.

आकडे

फरक दिसायला वेळ लागला, आणि तो सरळ रेषेत दिसला नाही. आधी "पांढरा जास्त गेला" च्या खुणा उतरल्या आणि "कमी गेला" च्या चढल्या. तो आता घाबरून आखडता मारत होता. काळ्याला कोन हवा तेवढ्यापेक्षा जास्त राहायचा आणि पातळ कट घ्यावा लागायचा. हा टप्पा येणारच होता, त्यात काही केलं नाही, कागद तसाच ठेवला. गणपतीपर्यंत दोन्ही रकाने बरोबरीला आले. मग "निवड चुकली" हा आत्तापर्यंत रिकामा पडलेला रकाना भरायला लागला, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला. निवड चुकायला आधी निवड करता यावी लागते. पांढरा हवा तिथं येत असल्याशिवाय "गुलाबी घेतला त्यापेक्षा निळा बरा होता" असा प्रश्नच पडत नाही.

सकाळच्या परीक्षेत सुरुवातीला रंगांपर्यंत पोचणंच मुश्किल होतं. दिवाळीच्या आधी पूर्ण एक्कावन्न पहिल्यांदा झाले. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, "आता रेड कुशनला लावतो" म्हणाले. संध्याकाळच्या फ्रेममध्ये तिशी-चाळिशीचे ब्रेक आता अधूनमधून येतात. फ्रेममधली पहिली पन्नाशी दिवाळीनंतर झाली, आणि त्या दिवशी समोरच्यानं भाडं भरलं. एकट्यानं खेळताना मात्र त्याचे आकडे पूर्वीपेक्षा लहान दिसतात, कारण आता चूक ही चूक धरली जाते. पूर्वीचे ते पन्नास कसे होत होते हे आता त्यालाही कळलंय. त्याचा विषय काढला की हसतो आणि क्यूला चॉक लावायला लागतो.

जे सुधारलं नाही ते रेस्टचं काम. आता चुकणारे जे पॉट उरलेत त्यांतले बहुतेक रेस्टवरचे आहेत. पांढरा हवा तिथं येऊ लागल्यावर रेस्ट लागण्याची वेळ कमी आली खरी, पण लागते तेव्हा तो मोडतोच. टोकाच्या हाताची पकड तो अजून मुठीत आवळून धरतो, त्यामुळं क्यूचं टोक शेवटच्या क्षणी उचललं जातं. सेफ्टीच्या दहा मिनिटांतली पाच आता रेस्टला दिली आहेत: निळा मधल्या पॉकेटात, पांढरा फूटभर मागं, हात मोकळा असला तरी रेस्ट लावूनच. पुढच्या महिन्यात त्याची पहिली पाळी लागते. म्हणजे सकाळ जाणार. संध्याकाळी सात वाजता मोठं टेबल एकट्याला दीड तास कोण देणार, यावर सध्या मालकाशी बोलणी चालू आहेत.